शिकलेला माणूस टिकवायचा कसा? रबाळे एमआयडीसीतून, मदत हवी आहे

कळव्याची_एचआर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी एचआर बघते. स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्हचे पार्ट बनतात आमच्याकडे. सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी कटिंगची मशीन, मिळून १४, माणसं ११२, त्यातली साधारण ४० कॉन्ट्रॅक्टवर. एचआर म्हणजे मी आणि टाइम ऑफिसचे एक काका. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआयसी, भरती, कॅन्टीनच्या तक्रारी, सगळं आमच्या दोघांच्या टेबलावर.

गेल्या ८ महिन्यांत १९ माणसं सोडून गेली. शेवटचा गेला तो आमचा सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारा, सहा वर्षं होता, हेल्पर म्हणून लागला होता, मग ऑपरेटर झाला, मग सेटिंग शिकला. मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आला, राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला महापेला ४ हजार जास्त देतायत मॅडम. मी गप्प बसले, कारण चार हजार माझ्या हातात नाहीत. मग जाता जाता दारात थांबून म्हणाला, "पैशाचं नाही हो एवढं. तीन वर्षं सांगतोय मला प्रोग्रॅमिंग शिकवा. दर वेळी सांगतात डिस्पॅच झाला की बघू. डिस्पॅच काय कधी संपतो का?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. घरी आले, भाजी चिरत होते आणि तेच.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले चार हजारासाठी गेला, जाऊ दे, बाजारात दहा मिळतात. म्हणून मी बसून हिशोब काढला. त्याचा पगार २८ हजार. नवीन सेटरसाठी कन्सल्टंटने वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के घेतले, म्हणजे २८ हजार. मधले तीन आठवडे दुसऱ्या सेटरला ओव्हरटाइम, तो डबल रेटने, १४ हजार. नवीन माणसाने पहिल्या पंधरवड्यात १६ कास्टिंग रिजेक्ट केली, एकाला १,८५० धरले तर २९,६००. झाले ७१,६००. आणि चार हजार वाढवले असते तर वर्षाचे ४८ हजार. शिवाय नवीन माणूस ३१ हजारांवर आलाय ते वेगळंच.

हा कागद साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले ठीक आहे, तू सांग काय करायचं. आता मला सांगता येत नाहीये. मोठ्या कंपन्यांसारखं बजेट नाही आमचं. तुम्ही लोक काय करता? तुमच्याकडे काय चाललं आणि काय नाही चाललं, दोन्ही सांगा.

तीन_हात_नाका

वाचतोय. आमच्याकडे कुरिअरची पोरं, पण रड तीच.

ऐरोली_पाचवा_मजला

ताई, पहिली गोष्ट, हिशोब काढून साहेबांसमोर ठेवलात हे फार चांगलं केलंत. मी आयटीत आहे, ऐरोलीलाच, १४ जणांची टीम आहे. आमच्याकडे एचआरची माणसं भरपूर, पण असा कागद मी आजवर बघितला नाही.

आता एक करा. १९ हा आकडा एकच आहे असं समजू नका. सरासरी ११२ माणसं धरली तर ८ महिन्यांत १७ टक्के, वर्षाचे जवळजवळ २५ टक्के होतात, पण या टक्क्यावरून काहीच कळत नाही. किती दिवसांनी गेले ते लिहून काढा. तीन महिन्यांत गेलेला माणूस आणि सहा वर्षांनी गेलेला माणूस, दोघांचं दुखणं वेगळं असतं आणि औषधही. लवकर जातो त्याला आपण चुकीचं सांगून घेतलेलं असतं किंवा आल्यावर नीट सांभाळलेलं नसतं. उशिरा जातो त्याला पुढचा रस्ता दिसत नसतो.

कळव्याची_एचआर

काढलं लगेच. १९ पैकी १२ जण वर्षाच्या आत गेले, त्यातले ८ तर पहिल्या तीन महिन्यांतच! उरलेले ७ जुने, त्यात ४ सेटर आणि १ क्वालिटीचा. हे असं कधी मांडूनच बघितलं नव्हतं, दर महिन्याला नुसता लेफ्टचा आकडा पाठवत होते.

घणसोली_नाईट_शिफ्ट

मॅडम ते पहिल्या तीन महिन्यातले ८ जण म्हणजे मीच समजा. मी ऑपरेटर आहे, आयटीआय मशिनिस्ट, आता नोकरी चौथी. कोण सांगत नाही म्हणून सांगतो.

एका ठिकाणी लागलो तेव्हा पहिल्या दिवशी गेटवर पाऊण तास उभा, वॉचमनला माझं नावच माहीत नाही. मग आत घेतलं. सेफ्टी शूज माझा नंबर ९, शिल्लक होते ७ चे, म्हणाले उद्या येतील, ते आठ दिवस आले नाहीत, मी स्वतःच्या बुटावर कूलंटच्या ओल्यात उभा. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले, मला कूपन कुठे मिळतं कोणी बोललं नाही, मी कंप्रेसरच्या मागे बसून बिस्किटचा पुडा खाल्ला. सुपरवायझर चार दिवस मला ए म्हणूनच हाक मारत होता. पाचव्या दिवशी मी गेलोच नाही. पगार पण मागायला गेलो नाही. आई विचारत होती काय झालं, मी सांगितलं काम जड आहे. काम जड नव्हतं.

आता जिथे आहे तिथे पहिल्या दिवशी एक जुना माणूस माझ्याबरोबर दिला. त्याने लॉकर दाखवला, संडास कुठला साफ असतो ते दाखवलं, कॅन्टीनमध्ये शेजारी बसवून जेवला, आणि रात्री ११ ला सुटल्यावर शेअर रिक्षा कुठे लागते तिथपर्यंत सोबत आला. एवढंच. पगार पहिल्या ठिकाणापेक्षा ७०० रुपये कमी होता. चार वर्षं झाली.

कळव्याची_एचआर

दादा, हे वाचून मी खरंच खाली टाइम ऑफिसला जाऊन आले. शूजचा स्टॉक बघितला. ९ आणि १० नंबर नाहीत आमच्याकडे पण. आज ऑर्डर टाकली.

जुना_टर्नर

मुली, तुझं लिहिणं पोचलं. मी १९८४ ला वागळे इस्टेटला लागलो आणि रिटायर होईपर्यंत शॉप फ्लोअरवरच होतो, शेवटची अकरा वर्षं फोरमन. एमआयडीसी १९६२ ला निघाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, त्यामुळे आमच्या वेळी तिथे एकेका गल्लीत तीन पिढ्यांचे कारागीर होते, भोंगा झाला की रस्ता दिसायचा नाही एवढी माणसं. आता त्याच गल्ल्यांत काचेची ऑफिसं आहेत. असो.

तुझ्या त्या सेटरबद्दल बोलतो. तो शिकवा म्हणत होता आणि कोणी शिकवलं नाही, हे सगळ्या कारखान्यांत होतं आणि त्याचं कारण साहेब वाईट असतात असं नाही. कारण असं की ज्याला येतं त्याला शिकवायला वेळ दिलेला नसतो, आणि दुसरं, त्याला भीती असते की याला शिकवलं तर माझी किंमत काय राहिली. माझ्या पहिल्या उस्तादाने मला दोन वर्षं टूल ग्राइंडिंगच्या वेळी चहा आणायला पाठवलं. मी चहा घेऊन येईपर्यंत टूल तयार. तो माणूस वाईट नव्हता, चार मुलं होती त्याला.

म्हणून आधी शिकवणाऱ्याची सोय कर. प्रोग्रॅमरला लेखी सांग की अमुक माणूस तयार झाला की तुला अमुक रक्कम, आणि आठवड्यातले दोन तास तुझ्या प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून वजा. दोन तास वजा केले नाहीस तर बाकी सगळं पाण्यात, कारण संध्याकाळी त्याला टार्गेटच विचारलं जाणार.

आणि शिकवायची पण रीत असते. आमच्या वेळी एका ट्रेनिंगला शिकवली होती, नंतर कळलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यात नवी माणसं भराभर तयार करायला बसवलेली रीत आहे ती. चार पायऱ्या. आधी माणसाला मोकळं कर, त्याला किती येतं ते विचार. मग स्वतः करून दाखव, एकेक टप्पा, आणि का करतो ते पण बोल. मग त्याला करू दे आणि करता करता त्याला बोलायला लाव. मग सोड, पण अडलास तर कोणाकडे जायचं ते सांगून सोड, आणि मधून मधून चक्कर मार. आपल्याकडे दुसरी पायरी झाली की लोक निघून जातात. करून दाखवलं ना, मग आता चुकतोस कसा, असं ओरडतात. तिसऱ्या पायरीत सगळं आहे. ऑफसेट घेताना, म्हणजे टूलचं माप मशीनला देताना, पोरगं तोंडाने बोललं पाहिजे, आता मी हे शून्य का धरतोय. बोलता आलं नाही तर समजायचं हात चालतोय, डोकं नाही.

सानपाडा_पाम_बीच

काका, तिसऱ्या पायरीबद्दल अगदी बरोबर. मी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग ट्रेनिंग बघते, आमच्याकडेही पंप लावताना मुलींना मोठ्याने बोलायला लावते.

तुर्भे_वर्कशॉप

सगळं वाचलं. मी पलीकडच्या बाजूचा, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, २२ माणसं. जे खरं आहे ते बोलतो, राग मानू नका. सहा वर्षांत मी सहा पोरं शून्यापासून तयार केली. ड्रॉईंग वाचता येत नव्हतं, मायक्रोमीटर धरता येत नव्हता. सहापैकी पाच गेली. एक तर दिवाळीचा बोनस घेऊन दुसऱ्या दिवशी. बायकोचे दागिने ठेवून मशीन घेतलेलं आहे मी, आणि मी काय दुसऱ्यांसाठी शाळा चालवतोय का? शिकवा शिकवा म्हणणं सोपं आहे. शिकवलं की पळतात हा माझा अनुभव आहे. बॉण्ड करून घ्या असं माझं मत.

ऐरोली_पाचवा_मजला

तुमचा त्रास समजतो दादा. एक विचारू? ती पाच पोरं तयार झाल्यावर त्यांचा पगार कधी आणि किती वाढला?

तुर्भे_वर्कशॉप

एप्रिलला, सगळ्यांचा वाढतो तसाच. १० टक्के.

ऐरोली_पाचवा_मजला

तिथेच आहे असं मला वाटतं. समजा पोरगं १४ हजारांवर लागलं आणि दीड वर्षात ऑपरेटरचं काम करायला लागलं. बाजारात त्याची किंमत आता २० हजार आहे, आणि आपण त्याला १४ वर १० टक्के देतो. आपल्यासाठी तो अजून आपण घडवलेला पोरगा, पण गेटबाहेर तो ऑपरेटर आहे. आयटीत अगदी हेच होतं. फ्रेशर दोन वर्षांत तयार होतो, आम्ही त्याला ८ टक्के देतो, बाहेर ६० टक्के मिळतात, आणि तो गेला की त्याच्या जागी बाहेरून तेवढेच पैसे देऊन दुसरा आणतो. पैसे वाचत नाहीतच, फक्त ते अनोळखी माणसाला जातात.

म्हणजे शिकवलं म्हणून गेला असं नसतं नेहमी. शिकवलं आणि त्याप्रमाणे वाढवलं नाही म्हणून गेला.

तुर्भे_वर्कशॉप

पटतंय थोडं. पण २० द्यायला मला गिऱ्हाईक रेट वाढवून देत नाही, ते कोण बघणार. पेमेंट ९० दिवसांनी येतं.

कायदा_आणि_कागद

बॉण्डचा विषय निघालाय म्हणून लिहितो, कामगार कायद्याची कामं बघतो, ठाण्यात.

बॉण्ड बेकायदेशीर आहे असं सरसकट नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायची अट मान्य केली. पण ती सरकारी बँक, त्यांची भरतीची प्रक्रिया मोठी आणि खर्चिक, हे कोर्टाने बघितलं. तुमच्या वर्कशॉपमध्ये बॉण्डचे पैसे मागायचे तर ट्रेनिंगवर खरोखर खर्च काय झाला ते दाखवता आलं पाहिजे, नुसता आकडा लिहून भागत नाही. आणि कोणाच्या मूळ मार्कशीट ठेवून घेऊ नका, हात जोडून सांगतो. माझ्याकडे अशी पोरं येतात, एकाची दहावीची मार्कशीट दोन वर्षं अडकली होती. बॉण्डने माणूस थांबतो पण मन लावून काम करत नाही, आणि व्हीएमसीवर मन नसलेला माणूस काय करून ठेवतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

त्यापेक्षा जे कायद्याने द्यावंच लागतं ते लोकांना समजावून सांगा. ग्रॅच्युइटीचंच घ्या. मूळ पगार आणि डीए मिळून १८ हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे ५१,९२३ रुपये. साडेचार वर्षं झालेल्या किती जणांना हे माहीत असतं? सहा महिने थांबलो तर पन्नास हजार मिळतात हे कोणी सांगतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, आणि सोडून जाणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचाय. हे शेवटचं नीट पाळा. जाणारा माणूस हिशोबासाठी तीन महिने खेटे घालतो ते राहिलेले सगळे बघत असतात.

आणि ताई, तुमच्याकडे ११२ माणसं आहेत म्हणजे अप्रेंटिस घेणं तुम्हाला बंधनकारक आहे. कॉन्ट्रॅक्टवाले धरून ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. बहुतेक लोक स्वस्तातला हेल्पर म्हणून घेतात आणि लोडिंगला लावतात. तसं न करता आयटीआयशी बोलून नीट घेतलेत तर वर्षभर तुम्ही त्याला बघता आणि तो तुम्हाला बघतो, पहिल्या तीन महिन्यांत पळायचा प्रश्न बराच सुटतो.

खारघरची_मी

एक वेगळी बाजू मांडते. मी क्वालिटी इंजिनीअर होते, नवी मुंबईतच, कंपनीचं नाव घेत नाही. बाळंतपणाची २६ आठवडे रजा कायद्याने मिळाली, त्यात काही कमी केलं नाही त्यांनी. परत आले तेव्हा माझी मशीन दुसऱ्याला, माझे कस्टमर दुसऱ्याला, आणि मला जुन्या रिपोर्टच्या फाइली लावायचं काम. सर म्हणाले तुला लवकर घरी जावं लागतं ना, म्हणून हलकं काम दिलं. मला कोणी विचारलंच नाही! मी सासूबाईंना गावाहून बोलावून घेतलं होतं, पाळणाघराची सोय केली होती, सगळी तयारी करून आले होते. वर्षाच्या अप्रेझलला रेटिंग मधलं मिळालं, कारण त्या वर्षी दाखवण्यासारखं काम नाही. काम दिलं असतं तर दाखवलं असतं ना. चार महिन्यांनी सोडलं.

एक्झिट इंटरव्ह्यूला कारण लिहिलं, वैयक्तिक. सगळेच तसं लिहितात. पुढच्या नोकरीला रेफरन्स लागतो, खरं कोण लिहिणार. म्हणून ताई, जाणाऱ्यांचे फॉर्म वाचून काही शोधू नका, जे आहेत त्यांना विचारा. आणि ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते, तुमच्याकडे आहे का?

कळव्याची_एचआर

नाही. आमच्याकडे डीबरिंग (पार्टच्या कडांवरची बारीक धार घासून काढणं) आणि पॅकिंगला १७ बायका आहेत आणि मी आत्ता विचार करतेय की त्यातल्या लहान मुलं किती जणींना आहेत हे मला माहीतच नाही. उद्या बघते.

ऐरोली_पाचवा_मजला

खारघर ताईंना +१. आहेत त्यांना विचारा, यालाच आमच्याकडे स्टे इंटरव्ह्यू म्हणतात, नाव मोठं आहे पण काम साधं आहे. मी दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी अर्धा तास बोलतो, लॅपटॉप बंद करून. सकाळी यायला कंटाळा आला असा शेवटचा दिवस कुठला होता? तुला काय शिकायचंय? गेल्या महिन्यात सोडायचा विचार आला का, कशामुळे? तिसरा प्रश्न विचारायला मला पहिल्यांदा भीती वाटली होती. पण लोक सांगतात. एकाने सांगितलं दुसऱ्या टीममध्ये जायचंय. आता इथे मॅनेजरची परीक्षा असते, कारण सगळे मॅनेजर म्हणतात मी रिलीज करणार नाही. मीही एकदा तेच केलं होतं, आणि तो मुलगा सहा आठवड्यांत कंपनीच सोडून गेला. टीममधून सोडला नाही म्हणून कंपनीतून गेला. त्यानंतर मी कोणाला अडवलं नाही.

पैशाचं म्हणाल तर हर्झबर्ग म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून मांडलेलं आहे की माणूस कंटाळतो तो पगार, नियम, वरचा साहेब, कामाची जागा यांच्यामुळे. पण हे सगळं चांगलं केलं तरी माणूस खूश होतोच असं नाही, फक्त तक्रार थांबते. मन लागतं ते काम जमलं याचं, कोणी दखल घेतली याचं, जबाबदारी मिळाली याचं. यावर टीकाही झाली, की चांगलं झालं तर माणूस स्वतःचं म्हणतो आणि वाईट झालं तर कंपनीचं. तरी मला क्रम म्हणून ते उपयोगी वाटतं. आधी शूज, संडास, वेळेवर पगार. ते नसताना महिन्याचा उत्कृष्ट कामगार वगैरे फोटो लावलेत तर लोकांना रागच येईल.

आणि काउंटर ऑफर देऊ नका सहसा. राजीनामा टाकल्यावर चार हजार वाढवले की शॉप फ्लोअरला एकच कळतं, इथे पगार वाढवायचा तर राजीनामा टाकावा लागतो.

घणसोली_नाईट_शिफ्ट

हे शेवटचं एकदम खरं. आमच्यात तर पोरं दुसरीकडचं ऑफर लेटर आणतातच त्यासाठी.

डोंबिवली_८_०५

एक साधी सूचना. ताई, तुमची माणसं राहतात कुठे ते बघा. मी डोंबिवलीहून ठाणे, मग ब्रिज चढून ९-१० नंबर प्लॅटफॉर्म, ट्रान्सहार्बर, मग रबाळे, मग रिक्षा. दोन तास. बदलापूरवाल्यांना अजून जास्त. आमच्या कंपनीने शिफ्टची वेळ २० मिनिटं पुढे घेतली, लोकलच्या हिशोबाने, एक पैसा खर्च नाही, आणि लेट मार्कची भांडणंच बंद झाली. आधी तीन लेटला अर्धा दिवस कापायचे. माणूस रोज दोन तास उभ्याने येतो आणि चार मिनिटांसाठी त्याचा अर्धा दिवस जातो, तो काय राहणार?

कळव्याची_एचआर

सगळ्यांचे खूप आभार. मी या सगळ्यातून एक करून बघायचं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा.

टाइम ऑफिसच्या बाहेर, पंचिंग मशीनच्या बाजूला मोठा बोर्ड लावायचा. उभ्या ओळीत माणसांची नावं, आडव्या ओळीत कामं. ड्रॉईंग वाचणं, मेजरिंग, ऑपरेटिंग, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं, ऑफसेट, सेटिंग, प्रोग्रॅमिंग. प्रत्येक चौकोनात एक गोल, गोलाचे चार भाग. पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कोणीतरी बाजूला लागतं, पाऊण म्हणजे एकट्याने करतो, पूर्ण भरला म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. स्किल मॅट्रिक्स हे आमच्याकडे आहेच, ऑडिटसाठी एक्सेलमध्ये, ऑडिटर येतो तेव्हा उघडतो. लोकांनी ते कधी बघितलेलंच नाही!

आणि महत्त्वाचं हे की पाऊण गोल भरला की पुढच्या महिन्यापासून ६०० रुपये, एप्रिलची वाट बघायची नाही. पूर्ण भरला की अजून ४००. साहेब हो म्हणालेत सहा महिन्यांसाठी.

जुना_टर्नर

चांगलं आहे. गोल कोण भरणार ते आधी ठरव. सुपरवायझरने भरला तर त्याच्या मर्जीतल्यांचे भरतील. परीक्षा ठेव. ड्रॉईंग आणि कच्चा पीस द्यायचा, लावून दे म्हणायचं, पहिला पीस क्वालिटीने मोजायचा. माप बसलं तर गोल भरला, नाही बसलं तर पंधरा दिवसांनी परत. मापाशी कोणाचं भांडण नसतं.

आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नावं पण लाव बोर्डवर.

कळव्याची_एचआर

तीन महिने झाले, आले परत सांगायला.

बोर्ड लागला. पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही, लोकांना वाटलं कमी येणाऱ्यांना काढायला लावलाय. मग जनरल शिफ्टच्या सगळ्यांना उभं करून मी आणि साहेबांनी सांगितलं की हे कशासाठी आहे, तरी विश्वास नव्हता. पहिल्या मुलाच्या पगारात ६०० जास्त आले आणि त्याने पगाराची स्लिप सगळ्यांना दाखवली, तेव्हा खरं सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा, इन्सर्ट बदलण्याचा त्याचा गोल पाऊण भरला, हिरव्या मार्करने मी भरत होते आणि तो मागे उभा राहून बघत होता. मग बोर्डचा फोटो काढला, नुसता त्याच्या ओळीचा. गावी पाठवला म्हणे.

तीन महिन्यांत ४ जण गेले. त्यातले दोन पहिल्या महिन्यातले, म्हणजे तिथे अजून कमी पडतोय आम्ही. जुन्यातला एकही गेला नाही. नवीन माणसाबरोबर पहिले १५ दिवस एक जुना माणूस देतोय, घणसोली दादांनी सांगितलं तसं, रिक्षापर्यंत सोबत.

१७ बायकांपैकी ६ जणींची मुलं पाच वर्षांच्या आतली आहेत. शेजारच्या दोन कंपन्यांबरोबर मिळून पाळणाघराची जागा बघतोय, अजून ठरलं नाही. पण त्यातल्या एकीने मला विचारलं की बोर्डवर आमची ओळ का नाही, आम्ही पण मेजरिंग शिकू की. तिला आता व्हर्नियर येतो.

अडलंय ते प्रोग्रॅमिंगचं. प्रोग्रॅमरला दोन तास दिलेत, पैसे पण ठरवलेत, पण तो शिकवायला उभा राहिला की स्वतःच करून मोकळा होतो, पोरं बघत बसतात. काकांची तिसरी पायरी त्याला जमतच नाहीये. माणूस चांगला आहे, त्याला कोणी तसं कधी शिकवलेलं नाही, एवढंच. जुना_टर्नर काका, विचारायला संकोच वाटतोय पण विचारते. एखाद्या शनिवारी येऊन त्याला शिकवायचं कसं ते दाखवाल का? मानधन साहेबांनी कबूल केलंय.

तुर्भे_वर्कशॉप

काका येणार असतील तर माझे दोन जण पाठवू का ताई? बसतील कोपऱ्यात.

कळव्याची_एचआर

पाठवा की दादा!

जुना_टर्नर

मानधनाचं राहू दे, कॅन्टीनमध्ये जेवू सगळे एकत्र. या शनिवारी नातवाची शाळा आहे, पुढच्या शनिवारी ठाण्याहून सकाळची ट्रेन धरतो. रबाळेला कुठल्या बाजूला उतरायचं ते कळव. प्रोग्रॅमरला सांग त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, खिशात घालून उभं राहायचं. एखादा साधाच जॉब काढून ठेव, दोन बोअर आणि एक फेस असलेला. मायक्रोमीटर माझा मी आणतो.